दोनच्या पुढे

माझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी एक मार्शल उभा होता. पन्नास वॅटचा, व्हॉल्व्हवाला, खाली चार स्पीकर्सचं कॅबिनेट. बँड मोडला तेव्हा तो माझ्या वाटणीला आला. बायकोने त्याच्यावर मनीप्लांट ठेवला आणि सहा वर्षं त्याचं व्हॉल्यूमचं बटण दोनच्या पुढे गेलं नाही. एकदाच गेलं होतं. त्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दहा मिनिटं बेल वाजवत होते आणि मला ती ऐकूच आली नाही, यावरून काय ते समजा!

आता दोनवर वाजवायला काय हरकत आहे? हरकत हीच की दोनवर मार्शल डासासारखा गुणगुणतो. आजोबांच्या रेडिओसारखाच याला तापायला वेळ लागतो, पण नुसतं तापून भागत नाही. आवाज चढवत नेला की एका टप्प्यावर व्हॉल्व्हची ताकद संपते, ध्वनिलहरींची टोकं चपटी होतात आणि गिटार गुरगुरायला लागते. खरी मजा तिथून पुढे. जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात 1962 मध्ये पहिला मार्शल बनला, तोसुद्धा फेंडरचा बासमन समोर ठेवून. 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्ससोबत रेकॉर्डिंग करताना एरिक क्लॅप्टनने स्टुडिओतही स्टेजवरच्याच आवाजात मार्शल वाजवला. झालं, तेव्हापासून आम्ही सगळे त्या गुरगुरण्याच्या मागे!

पण क्लॅप्टनच्या खालच्या मजल्यावर आमच्या काकू राहत नव्हत्या ना राव.

त्यात मे महिन्यात घरात नवा मेंबर येणार होता. पाळणा की मार्शल, हा प्रश्न बायकोने विचारलासुद्धा नाही. मीच विकायला काढला. आमचा ड्रमर म्हणाला, "विक बिनधास्त, पण आधी कॅप्चर करून ठेव."

ही भानगड आता फारच सोपी झाली आहे. 1998 मध्ये लाइन सिक्सचा पॉड आला होता, लाल राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा. त्यात अ‍ॅम्पची गणिती नक्कल असायची. मग 2011 च्या सुमारास केम्परने वेगळीच वाट काढली. नक्कल कशाला? समोरच्या अ‍ॅम्पच्या आवाजाचा फोटोच काढा! आज न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर लॅपटॉपवर फुकट मिळतं. अ‍ॅम्पमध्ये काही मिनिटांचा टेस्ट सिग्नल सोडायचा, बाहेर येणारा आवाज माईकने रेकॉर्ड करायचा. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, यातला फरक कॉम्प्युटर शिकून घेतो.

एका रविवारी आम्ही टेम्पो करून मार्शल प्रॅक्टिस रूमवर नेला. पहिली अडचण म्हणजे असं एक कॅप्चर बटणांची एकच पोझिशन धरतं. मग आमची कुठली धरायची? अर्धा तास भांडलो. शेवटी सातवर ठेवून केलं आणि सोलोसाठी आणखी एक केलं. मग ड्रमरने मला पाठमोरं बसवलं, हेडफोन लावला आणि खऱ्या अ‍ॅम्पचं रेकॉर्डिंग आणि कॅप्चर उलटसुलट करून दहा वेळा ऐकवलं. माझी पाच उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढेच मार्क पडले असते! पंधरा वर्षं 'व्हॉल्व्हची बात और' म्हणून मिरवणारा मी, गप्प बसलो.

निघायच्या आधी म्हटलं, एकदा नुसतंच वाजवूया. मी अ‍ॅम्पसमोर उभा राहून एक सूर लांबवला. स्पीकरच्या आवाजाने तारच थरथरत राहिली आणि सूर विझेचना. पँट फडफडत होती. ड्रमरने मान वर केली, हसला आणि दुप्पट जोराने सुटला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॅप्चर ऐकतं ते स्पीकरला चिकटलेल्या माईकच्या कानाने. माझ्या पोटाने नाही. मोठ्या स्पीकरवर लावलं तर त्यानेही तार थरथरेल म्हणा, पण मग बेल वाजवायला सेक्रेटरी हजर! आवाज हुबेहूब माझ्या लॅपटॉपमध्ये आला होता. पण त्या आवाजासाठी चार जणांना एका खोलीत यावं लागायचं, ते काही त्यात आलं नव्हतं.

मार्शल न्यायला कॉलेजची तीन पोरं आली. एकाने विचारलं, "काका, हा वाजतो किती जोरात?" त्या 'काका'चा धक्का पचवत मी म्हणालो, "घरात लावू नका. खोली भाड्याने घ्या आणि सगळे मिळून जा."

हल्ली रात्री अकराला लेक झोपली की मी हेडफोन लावतो. सातवरचा मार्शल कानात गुरगुरतो, पाळणा हलत नाही. आवाज झकास आहे, तक्रार नाही. फक्त पहिल्या रविवारची प्रॅक्टिस रूम मी आता बुक करून टाकली आहे. ड्रमर येतोच. बासवाल्याला फोन करायचा बाकी आहे.