गोग्रास

श्राद्धाच्या दिवशीं गाईचा घांस काढल्यावांचून पंक्तीला पान वाढावयाचें नाहीं, हा नियम आपल्या पुष्कळ घरांतून अजून पाळला जातो. गाय मात्र आतां दारांत उरलेली नाहीं. ती शोधावी लागते, आणि आमच्या इस्लामपुरांत ती बहुधा भाजीबाजारांत किंवा पेठ-सांगली रस्त्याच्या कडेला सांपडते. (गांवाचें नांव ईश्वरपूर करण्याचें सरकारनें 2025 सालीं जाहीर केलें, मी सांगतें आहें ती हकीगत त्याआधींची.)

साल 2022. भाद्रपदांत लंपी रोगाची सांथ राज्यभर पसरली होती. माशा, डांस व गोचिडी यांच्याद्वारें हा रोग एका जनावरापासून दुसऱ्यास जडतो. माणसांस त्याची बाधा नाहीं. गोठ्यांतल्या गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोंचली जात होती. पण मोकाट गुरांकडे पाहावें कोणीं? माझ्या दिरांचा मुलगा व त्याचे चार-सहा मित्र यांनीं तें काम अंगावर घेतलें. रोज संध्याकाळीं ते फेरीला निघत. अंगावर गांठी आहेत का, नाकपुडी ओलसर आहे का, रवंथ चालू आहे का, वासरपणीं बांधलेलें दावें मानेंत रुतलें तर नाहीं ना, हें पाहावयाचें आणि वहींत टिपावयाचें. कानांतल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आंकडी क्रमांक असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यांतल्या नोंदीवरून त्याच्या धन्याचा पत्ता लागे.

'मोकाट' हा शब्दच मुळीं फसवा आहे. वहींतल्या निम्म्याहून अधिक गाईंना धनी होते! सकाळीं धार काढून गाय सोडावयाची, दिवसभर तिनें बाजारांत पोट भरावें आणि तिन्हीसांजेला पुन्हां धारेसाठीं दारांत हजर व्हावें, असा हा हिशेब. वैरण गांवाची, दूध धन्याचें. खरे निराधार ते संकरित गाईंचे गोऱ्हे. ट्रॅक्टर आल्यापासून शेतांत त्यांना काम थोडें, आणि 2015 सालीं अंमलांत आलेल्या कायद्यानें बैल-वळूंच्या कत्तलीसहि बंदी झाल्यावर त्यांना गिऱ्हाईकहि राहिलें नाहीं.

लंपीच्या गांठी मुलांना दोनच जनावरांवर आढळल्या. फुगलेल्या डाव्या कुशी मात्र पितृपक्ष लागल्यापासून रोज वाढत गेल्या. एका रात्रीं जेवतांना त्यानें हें सासूबाईंना समजावून सांगितलें. "आजी, गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. सर्वांत मोठा डावीकडे. त्यांतले जंतु गवताला सरावलेले. त्यांत एकाएकीं भात, पुरण आणि वडे यांची रास पडली कीं आंबट होतें, रवंथ बंद पडतें आणि गाय बसते ती उठत नाहीं. सर्वपित्रीला एकाच गाईपुढें पन्नास घरांचा नैवेद्य येतो. शिवाय तो गांठ मारलेल्या पिशवींतून. गाईला गांठ सोडतां येत नाहीं, ती पिशवीसकट गिळते." त्याच आठवड्यांत एका गाईचें पोट डॉक्टरांनीं उघडलें, तेव्हां घमेलेंभर प्लॅस्टिक निघालें. तिसऱ्या दिवशीं ती गेली. अशा पिशव्यांवर राज्यांत 2018 सालींच बंदी आली आहे; गाईच्या पोटांतल्या पिशव्यांना तें कोणीं कळविलें नसावें.

सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहींत. नेमधर्माच्या बाबतींत त्या कोणाचें ऐकणाऱ्या नव्हेत, म्हणून आम्ही सारींच गप्प होतों. शेवटीं त्या म्हणाल्या, "शास्त्रांत ग्रास म्हटलें आहे, पातेलें नव्हे."

त्या अमावास्येला आमच्या घरून केळीच्या पानावर मूठभर अन्न आणि कडवळाची एक पेंढी, एवढेंच गेलें. तेंहि गाय खाईपर्यंत पोर तेथें उभा राहिला आणि पान उचलूनच परतला. उरलेलें अन्न रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या पानांत पडलें.

शेजारच्या माईंना मात्र हें पटलेलें नाहीं. पितर अर्धपोटीं राहतील, असें त्यांचें म्हणणें. त्यांचें पातेलें अजून त्याच कोपऱ्यावर रितें होतें, आणि आमचीं मुलें त्या दिवशीं संध्याकाळची वाट न पाहतां दुपारींच फेरीला निघतात.