आधी पाणी, मग मुक्काम

आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात कित्येक वाड्यांवर पाण्यासाठी वणवण असते. जांभ्यात पाऊस भराभर मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन वाहून जातो. दिवाळीत खळाळणाऱ्या व्हाळात शिमग्याला नुसते धोंडे उरतात. म्हणून रानात मुक्कामाला जाताना नकाशा उघडण्याआधी मी गुराख्याला गाठतो. ‘काकानू, आता खंयच्या झरीक पाणी आसा?’ गुरं घेऊन रोज पाण्यावर जाणाऱ्या माणसाइतकी ताजी खबर कुठल्याच नकाशात नसते.

नारूरहून रांगण्याला चढताना वर तलाव आहे हे ठाऊक असूनही मी माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्यायला लावतो. ही शिस्त मला रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ने लावली. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, हे त्यात आहेच. पण झरा पुरतोय म्हणून निर्धास्त राहू नये, टाकी खोदून साठा करावा, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, इथवर पंतांनी विचार केला आहे. नव्या मुलांना हे वाचायला देऊन मी आधी मालवणच्या किल्ल्यावर नेतो. १६६४ साली कुरटे बेटावर काम सुरू झालं. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव. त्या गोड्या पाण्यात डोकावलं की पंतांचं म्हणणं मुलांना पटतं.

पाणी कितीही नितळ दिसो, वरच्या अंगाला गुरं बसली असतील तर लेप्टोचं भय असतं. सुती कापडाची चौपदरी घडी टोपावर बांधून गाळायचं, मग चुलीवर चढवायचं. तळाशी बारीक बुडबुडे धरले म्हणून टोप उतरवायचा नाही. सगळं पाणी खदखदू लागलं की तिथून पुरता एक मिनिट. पाणी दिवस मावळण्याआधी भरून ठेवावं आणि तंबू पाणवठ्यापासून लांब ठोकावा. रात्री तिथे गवे उतरतात, ती वाट त्यांची.

उजेड असेतो वाचायला दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ आणि गोनीदांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ सोबत असावं. दुर्गाबाई महिन्यामहिन्याला बदलणारी सृष्टी बघायला शिकवतात, गोनीदा गडावर कसं वावरावं ते. ही नजर आली की कोरड्या व्हाळाकाठी एकच उंबर हिरवागार का, हा प्रश्न आपोआप पडतो, आणि पाण्याचा शोध तिथूनच सुरू होतो.