आईचा पांढरा

लातूरकडच्या आमच्या घराला दगडमातीच्या रुंद भिंती होत्या आणि वर माळवद. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यातला गारवा त्या थराचाच. नवरात्राआधी आई गढीजवळून तशीच माती आणायची, भिजवून गाळायची आणि फडक्याने भिंती पोतारायची. ओली भिंत मळकट दिसे. दुपारपर्यंत सुकून उजळे.

मग चुना आला. कळीचा चुना पाण्यात पडला की खदखदायचा. निवल्यावर गाळून त्यात डिंक आणि थोडी नीळ. नीळ कमी पडली तर भिंत पिवळट, जास्त झाली तर निळसर. आई आधी कोपऱ्यात एक हात मारून बघायची, वाळू द्यायची आणि मगच कुंचा माझ्या हाती द्यायची.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्यांवर कोसळलं. आमचं घर तडकलं, पण उभं राहिलं. तरी आई त्या छताखाली पुन्हा झोपली नाही. आम्ही माळवद उतरवून पत्रे टाकले. पांढरी माती घरातून गेली ती कायमची.

आता आई माझ्याकडे नांदेडला असते. तिच्या खोलीसाठी शेड कार्ड उघडलं, तर पांढऱ्याच्याच ओळी. पांढऱ्या बेसमध्ये मशीन पिवळ्या, काळ्या, तांबड्या रंगाचे मोजके थेंब सोडतं, त्यावर छटा ठरते. कार्डाच्या बोटभर चौकोनात हा फरक कळत नाही. म्हणून पेंटरकडून भिंतीवर दोन छटांचे हात-हातभर पट्टे मारून घेतले, दोन-दोन कोट देऊन. खिडकी पूर्वेला, समोर शेजारच्यांची बिनगिलाव्याची विटांची भिंत. सकाळी दोन्ही पट्टे सारखे भासले. संध्याकाळी विटांचा तांबूसपणा दोन्हींवर उतरला. मला पहिला जास्त स्वच्छ वाटत होता.

आई म्हणाली, "ह्यो तर निळा दिसायलाय."

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं. ते काढून नवं बसवलं की अडलेला निळा पुन्हा दिसू लागतो. म्हणजे त्या पट्ट्यातला जो निळा तिला दिसत होता, तो माझ्या भिंगाआड राहिला होता. भर दुपारी तर तोच पट्टा तिच्या डोळ्यांत खुपत होता.

दुसरा पट्टा मातकट झाक असलेला. तो तिने हाताने चाचपला आणि लगेच पसंत केला. मी पेंटरला तोच सांगितला, चमक नसलेल्या फिनिशमध्ये, म्हणजे उन्हाची तिरीप भिंतीवरून डोळ्यांवर येणार नाही. दिवसभर त्या भिंतींकडे पाहत बसणार आहे ती आई. पांढरा कोणता, हे ठरवायचा हक्क तिच्याच डोळ्यांचा आहे.