शून्याची नोंद

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्याला एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. आगमनाला तारीख असते, निर्गमनाला नसते. ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी धोबी पक्षी गच्चीच्या कठड्यावर शेपूट हलवताना दिसला, की त्या दिवसापुढे 'आला' असे निःशंक लिहिता येते. तो गेला केव्हा, हे मात्र तो गेला त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. एप्रिलमध्ये आपण त्याला रोजच्यासारखे पाहतो, मोजतो आणि वही मिटतो. मग चार दिवस तो दिसत नाही, आठ दिवस दिसत नाही, आणि मागची पाने चाळून एका जुन्या ओळीखाली आपण रेघ ओढतो: ही शेवटची. शेवटची नोंद लिहिताना शेवटची नसतेच. पुढचे रिकामे दिवस तिला ते पद देतात. २००७ साली 'मायग्रंटवॉच' या उपक्रमाने देशभरच्या हौशी निरीक्षकांकडून हिवाळी पाहुण्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या दर्शनाच्या तारखा मागवायला सुरुवात केली, तेव्हा पहिली तारीख कळवणे आम्हांला सोपे गेले; दुसरीपाशी आम्ही अडलो. वसंतातली पक्षिगणना ही बरीचशी शून्ये लिहिण्याची कामगिरी आहे. शून्य लिहिणे वाटते तितके सोपे नाही, हे आम्हांला फार उशिरा कळले. ते कसे कळले, एवढेच येथे सांगायचे आहे.

आम्ही म्हणजे नागपूरच्या प्रतापनगरातील एका लेआउटमध्ये राहणारी पाच माणसे. दोघे महाविद्यालयात मराठी शिकवणारे, एक बँकेतून निवृत्त झालेले, एक शाळेतल्या बाई, आणि पाचवे सर. आमच्यापैकी तिघे त्यांच्या वर्गात बसलेले. उरलेली एक व्यक्ती त्यांना सर म्हणता म्हणता विद्यार्थी होऊन गेलेली. २००४ साली सर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांनी एक जाड, आखीव वही घेतली. सकाळी सव्वासहाला निघायचे, घरांच्या रांगांमधून रिंग रोडच्या अलीकडे वळायचे, मोकळ्या मैदानाला वळसा घालून परत यायचे. सुमारे दीड किलोमीटर, पन्नास मिनिटे. वाट तीच, वेळ तीच, चालही तीच. रविवारी सोनेगावचा किंवा अंबाझरीचा तलाव. वाट बदलली तर आकड्यांची तुलना होत नाही, हे सरांचे पहिले सूत्र होते. आम्ही मागून चालत असू. सर थांबले की थांबत असू, त्यांनी बोट दाखवले की पाहत असू.

फाल्गुन-चैत्रातील नागपूर अनेकांना केवळ चढत्या पाऱ्यासाठी आठवते. पक्षी पाहणाऱ्याला ते काटेसावरीच्या आणि पळसाच्या फुलांसाठी आठवते, आणि त्या फुलांवर तुटून पडणाऱ्या भोरड्यांसाठी. भोरडी म्हणजे गुलाबी मैना. पळसमैना हेही तिचेच नाव. काळे डोके, काळे पंख आणि मध्ये फिकट गुलाबी अंग. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतावर उतरली तर गोफण हाती घ्यायला लावणारी ही मंडळी एप्रिल सरत आला की मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांकडे निघतात. तिथे दगडांच्या सांदीत त्यांची घरटी, आणि टोळ व नाकतोडे हे पिलांचे अन्न. जुलै-ऑगस्टात त्या पुन्हा भारतात हजर. इतक्या थोड्या काळासाठी परदेशी जाणाऱ्या या पक्ष्याचे घर नेमके कोणते म्हणावे, असा प्रश्न सर दर वर्षी विचारीत आणि दर वर्षी उत्तर न देता पुढे चालू लागत. संध्याकाळी थव्याने परतणाऱ्या भोरड्या एकेक करून मोजता येत नाहीत. आधी दहा मोजायच्या, त्या दहांनी आकाशाचा किती तुकडा व्यापला हे डोळ्यांत धरायचे आणि तोच तुकडा थव्यावर पुनःपुन्हा ठेवत जायचे. प्रत्येकाचा आकडा वेगळा येई. वाद होई. वहीत मात्र सरांचा आकडा जाई.

परतीच्या वाटेवर सरांचा आवडता विषय निघे तो कविसमयाचा. मेघदूताच्या आरंभी मानससरोवराला निघालेले राजहंस आषाढातल्या मेघाचे कैलासापर्यंतचे सोबती होतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी यक्षाचा रामगिरी म्हणजे आपला रामटेकच, असे प्रतिपादन केले. ते मान्य केले तर हे उड्डाण आमच्या घरापासून काही कोसांवरचे. विदर्भातल्या जलाशयांवर हिवाळा काढणारे आणि मराठीत राजहंसच म्हटले जाणारे पट्टकदंब हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातात, हे खरेच आहे. उपकरणे बांधून केलेल्या अभ्यासात हे पक्षी सात हजार मीटरांपेक्षाही उंच उडाल्याची नोंद आहे. पण ते आषाढाची वाट पाहत नाहीत. पहिला मेघ रामटेकावर येतो तेव्हा त्यांना जाऊन दोन-अडीच महिने झालेले असतात. मग कालिदास चुकला काय? सर म्हणत, कालिदास चुकला नाही, त्याने परंपरा पाळली. राजशेखराने काव्यमीमांसेत याचा उलगडा केला आहे: पूर्वीच्या विद्वानांनी देशोदेशी हिंडून जे पाहिले ते लिहिले, पुढे देश बदलला, काळ बदलला, तरी कवी तेच लिहीत राहिले, आणि त्याला कविसमय हे नाव मिळाले. कोणत्याही जलाशयावर हंस दाखवणे हाही त्यातलाच एक. "एकाने पाहिलं, बाकीच्यांनी ऐकून लिहिलं," असे सर हसून म्हणत. आम्हीही हसत असू. हे वाक्य आमच्याविषयी आहे, हे तेव्हा कोणाच्याच मनात आले नाही.

वहीत एक स्तंभ हिरवट पर्णवटवट्याचा होता. हा पक्षी वजनाने जेमतेम आठ ग्रॅमचा, रंगाने पानासारखाच. हिमालयापासून सायबेरियापर्यंतच्या अरण्यांत वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्या कडुनिंबांवर येऊन राहतो. प्रत्येकाचा आपापला टापू ठरलेला. तो राखण्यासाठी दिवसभर एक बारीक, उंच पट्टीची, दोन अक्षरांची साद चाललेली. शेंड्याकडच्या पानांत तो दिसतो क्वचित. मोजायचा तो कानांनीच. सरांच्या पहिल्या काही वर्षांच्या नोंदींत मार्च महिन्यात आमच्या फेरीवर अकरा-बारा पर्णवटवटे होते. मग नऊ, सात. मग चार. पुढे एक, कधी तोही नाही. शेवटची दोन वर्षे सबंध स्तंभात शून्ये होती.

या शून्यांचा अर्थ आम्हांला स्पष्ट दिसत होता. याच काळात लेआउटमधले बंगले एकामागून एक पाडले गेले, त्यांच्या जागी फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या, अंगणातले कडुनिंब आणि बकान गेले, रस्त्याकडेला सिमेंट आले. झाडांची तोड आणि पक्ष्यांची घट एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडून संबंधित कार्यालयाला निवेदन द्यावे, असे आमच्यातल्या दोघांनी ठरवले. मसुदा तयार झाला. भाषा धारदार होती; आमचाच व्यवसाय तो. सरांच्या वहीतला उतरता स्तंभ हा त्यातला मुख्य पुरावा.

त्या मार्चच्या अखेरीस सरांची अकरा वर्षांची नात पुण्याहून आली होती. ती फेरीला आली ती कुतूहलापेक्षा कंटाळ्यामुळेच. मैदानाच्या कोपऱ्यावर उरलेल्या मोठ्या कडुनिंबाखाली ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हा कोण सारखा बोलतोय?"

सर थांबले. मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिले. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुम्हाला काही ऐकू येऊन राहिलं का?"

आम्ही ऐकले. आणि ऐकू आले. बारीक, उंच, दोन अक्षरांचे. पुढच्या झाडावरून त्याला उत्तरही आले. मुलीने बोटे मोडत मोजायला सुरुवात केली आणि फेरी संपेपर्यंत सात झाले. सरांना त्यांतला एकही ऐकू आला नव्हता. वयाबरोबर कान पहिल्याने गमावतात ते उंच पट्टीचे स्वर. माणसाचे बोलणे ऐकू येत राहते, कावळा-कोकीळ ऐकू येत राहतात, म्हणून काही हरपले आहे याची जाणीवही होत नाही. बाराचे नऊ, नऊचे चार आणि चाराचे शून्य झाले ते कडुनिंबावर किती आणि सरांच्या कानांत किती, हे आता कोणी सांगू शकणार नव्हते.

सरांचे समजण्यासारखे आहे. आमचे काय? आमचे कान शाबूत होते. ती साद आमच्या डोक्यावर वर्षानुवर्षे चालली होती. पण सर थांबले नाहीत म्हणून आम्ही थांबलो नाही. त्यांनी बोट दाखवले नाही म्हणून तिथे काही नव्हते. वहीतले शून्य एका वृद्धाच्या श्रवणाचे असेल, परंतु ते पाच जणांच्या नावावर लिहिले जात होते आणि त्यावर पाच जणांची साक्ष होती. गुरूचे बहिरेपण आम्ही निसर्गाची शांतता म्हणून स्वीकारले होते. ज्यांनी वर्गात ग्रंथ वाचायला शिकवले त्यांना जे ऐकू आले तेवढेच त्या ग्रंथात आहे, असे मानून आपल्यापैकी किती जण पुढे तीस-तीस वर्षे शिकवतात, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यातल्या दोघा प्राध्यापकांना झोप येऊ देईना. कविसमय कसा जन्मतो हे आम्ही इतकी वर्षे शिकवले. तो आपल्या घरात जन्मताना आम्ही ओळखला नाही.

संध्याकाळी आम्ही सरांकडे गेलो ते जरा घाबरतच. त्या स्तंभावर काट मारावी, निवेदनातून तो वगळावा, असे काहीतरी बोलायचे होते. वही त्यांच्यापुढे उघडीच होती. त्यांनी एकही आकडा खोडला नव्हता. शेवटच्या शून्याखाली त्यांनी बारीक अक्षरांत लिहिले होते: "येथपर्यंतचे आकडे माझ्या कानांचे आहेत. पक्ष्यांचे किती, ते वेगळे काढता येत नाही." त्यापुढे पट्टीने एक नवा स्तंभ आखला होता आणि त्याचे शीर्षक होते: 'ऐकणारा'. "खोडायचं काहून?" ते म्हणाले. "मी काय ऐकलं ते तर खरंच आहे नं."

निवेदन आम्ही तरीही दिले. झाडे तोडली गेली होती, हे कोणाच्या कानांवर अवलंबून नव्हते. तोडलेल्या झाडांची यादी तेवढी त्यात ठेवली आणि पक्ष्यांचा परिच्छेद काढून टाकला. निवेदन त्यामुळे दुबळे झाले, हे कबूल केले पाहिजे. येथे एक गैरसमज मात्र टाळायला हवा. पक्षी कमी होत आहेत हे म्हणणे म्हणजे म्हाताऱ्या कानांचा भास, असा या अनुभवाचा अर्थ कोणी काढू नये. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ सालचा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे; ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या आहेत. असे अहवाल एका जोडी कानांवर विसंबत नाहीत, हीच त्यांची ताकद. ई-बर्डवर यादी भरताना किती वेळ चाललात, किती अंतर, किती जण होता, हे सांगावे लागते. आणि शेवटी एक साधा प्रश्न येतो: तुम्हांला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही यात नोंदवले आहेत का? 'हो' म्हटले, तरच न लिहिलेल्या पक्ष्याला शून्याची किंमत येते. आम्ही तो प्रश्न कित्येक वर्षे वाचून पुढे सरकलो होतो. त्यातला 'तुम्हांला' हा शब्द आम्ही वाचलाच नव्हता.

आता फेरीची पद्धत बदलली आहे. प्रत्येकाची वही वेगळी. घरी येईपर्यंत कोणी कोणाला आकडा सांगायचा नाही. कूलर लागायच्या आत कानांचे काम उरकावे लागते. एप्रिलमध्ये खिडकीखिडकीतून त्यांची घरघर सुरू झाली, की तरण्या कानांनाही वरचे काही कळत नाही, म्हणून तीही आता वेगळ्या रकान्यात लिहितो. सर काठी घेऊन येतात. पर्णवटवट्याच्या स्तंभात ते काही लिहीत नाहीत. शून्यही नाही, नुसती आडवी रेघ. भोरड्यांचा थवा मात्र त्यांना आमच्याआधी दिसतो आणि त्यांचा आकडा अजूनही आमच्यापेक्षा नेटका येतो.

यंदा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पिंपळावर चाळीसेक भोरड्या उतरल्या. आम्ही मोजल्या, सरांनी मोजल्या, आकड्यांत पाचाचा फरक आला. दुसऱ्या दिवशी त्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशीही नव्हत्या. तरी आम्ही आठवडाभर त्याच वेळी त्याच पिंपळाखाली जाऊन उभे राहत होतो. शेवटच्या दिवशी उकाड्याने सर आले नाहीत. परतताना त्यांच्या फाटकाशी थांबलो तर ते व्हरांड्यात बसले होते.

"काही दिसलं?"

"नाही, सर."

"कोण कोण होतं?"

आम्ही चौघांची नावे सांगितली. त्यांनी ती एकेक करून लिहून घेतली, वेळ विचारली, आणि मग शून्य काढले.