लाईट नसलेले तीन दिवस

३ जून २०२०ची दुपार. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं आणि रायगड ओलांडत पुढे गेलं. आम्ही नेरळला, माथेरानच्या डोंगराखाली; समुद्र इथून लांब. तरी आमच्या आळीतला आंब्याचा मोठा फाटा तारांवर कोसळला आणि लाईट गेली. ती आली तिसऱ्या रात्री.

टाळेबंदीचे दिवस. लोकल बंद, बाजार थोडा वेळच उघडा, म्हणून घराघरात साठवण. आमचा फ्रीजही गच्च भरलेला होता. वर फ्रीझरमध्ये कोळंबी, सुरमईच्या तुकड्यांचे डबे, आमरसाच्या पिशव्या, सोललेले वाल. खाली दूध, विरजण, भाज्या. आणि मधल्या कप्प्यात एका छोट्या डब्यात सासूबाईंच्या इन्सुलिनची दोन न उघडलेली कार्ट्रिज.

पहिल्या दोन-तीन तासांत मी तो फ्रीज दहा वेळा तरी उघडला. दूध बघ, मासळी चाचपून बघ, बर्फाला पाणी सुटलंय का बघ. दर वेळी गार हवा सरळ पायांवर उतरायची आणि मला बरं वाटायचं, चला, अजून थंड आहे! खरं तर तोच गारवा मी हाताने बाहेर घालवत होते. फ्रीज आतली उष्णता ओढून बाहेर टाकत असतो. लाईट गेली की ते काम थांबतं आणि आत उरलेल्या गारव्यावरच भागवावं लागतं. दार अजिबात उघडलं नाही तर खालचा भाग साधारण ४ तास निभावतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. गोठलेल्या वस्तू एकमेकींना थंड ठेवतात. हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी माझी काळजी एकाच डब्यावर येऊन थांबली. खालचा कप्पा कोमट होत चालला होता, वर मात्र बर्फ शाबूत होता. इन्सुलिन थंड राहायला हवं एवढंच डोक्यात. मी दोन्ही कार्ट्रिज उचलून फ्रीझरमध्ये, बर्फाच्या ट्रेला चिकटवून ठेवली. सकाळी काढली तर आतलं औषध गोठलेलं.

औषधाच्या दुकानदाराने फोनवर ऐकलं आणि म्हणाले, “ताई, ती टाकून द्या. वितळल्यावर चांगली दिसली तरी वापरू नका. एकदा गोठलं की त्याचा भरवसा नाही.” न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन तर ऊन आणि उष्णता टाळली की साधारण चार आठवडे बाहेरही चालतं. म्हणजे सासूबाईंचं सुरू असलेलं पेन कपाटात ठीकच होतं. त्यात तीन दिवसांपुरतं औषध होतं म्हणून आम्ही निभावलो. ते संपत आलं असतं तर काय केलं असतं, हा विचार आजही अंगावर येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीझरही उतरला. कोळंबी पार मऊ, हाताला गार लागेना. सासूबाई म्हणाल्या, “वास कुठे येतोय? तळून टाक.” पैसे मोजून घेतलेली मासळी, त्यात ते दिवस. माझा हातही धजावत नव्हता. पण आजारी पाडणारे जंतू वास न सुटताही वाढतात, आणि काहींचं विष तळून-उकळूनही जात नाही. आत बर्फाचे कण असते तर पुन्हा गोठवता आलं असतं. नव्हते. मी सगळी कोळंबी परसात खोल पुरली. सासूबाई त्या दिवशी माझ्याशी फारशा बोलल्या नाहीत.

आता फ्रीझरमध्ये एक वाटी कायम असते. तिच्यात पाणी गोठवून बर्फावर रुपयाचं नाणं ठेवलंय. गावाहून परतल्यावर आधी तीच वाटी बघते. नाणं वर असलं तर फ्रीझर फारसा उतरलेला नसतो. तळाशी गेलं असलं तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलेलं असतं. दर जूनच्या सुरुवातीला फ्रीज भिंतीपासून ओढून मागची धूळ झाडते आणि दारात कागद धरून रबर तपासते. कागद सहज सुटून आला तर रबर सैल झालंय, गारवा तिथूनच निसटतो. फ्रीझरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. वादळाची बातमी आली की आणखी दोन.

तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर एवढं कराच. लाईट गेली तर ते कुठे ठेवायचं, हे आजच औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारा, कागदावर लिहा आणि तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटवा. आमच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: फ्रीझरमध्ये नाही.