चेउंग चाऊचे गोड बाव

हाँगकाँग म्हटलं, की आकाशाला भिडलेल्या इमारती डोळ्यांपुढं येतात. पण सेंट्रलच्या धक्क्यावरून साध्या बोटीत बसावं, तासाभरात आपण अशा एका बेटावर उतरतो, की जिथं खासगी मोटार औषधालाही सापडायची नाही. माथेरान उचलून समुद्रात ठेवलं तर कसं दिसेल, तसं हे चेउंग चाऊ. अरुंद गल्ल्या, सायकली, बंदरात दाटीनं उभ्या असलेल्या मच्छीमारांच्या होड्या. आणि सुकत घातलेल्या मासळीचा असा काही दरवळ, की मालवणकडच्या माणसाला उगाचच घरी आल्यासारखं वाटावं. माझी धाकटी मावसबहीण आणि तिचे यजमान इथं राहतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याकडे आठवडाभर मुक्कामाला होते.

बेटाची कीर्ती आहे ती मात्र मासळीमुळं नव्हे, बावांमुळं. बाव म्हणजे मैद्याचा, पोटात सारण भरलेला, वाफेवर शिजवलेला पांढराशुभ्र गोळा. चिनी पंचांगाच्या चौथ्या महिन्यातल्या अष्टमीच्या सुमारास इथं मोठा उत्सव भरतो. पूर्वी कधी रोगाची साथ आली होती, ती पाक ताई देवानं घालवली, अशी कथा सांगतात. या देवाचं बेटावरचं देऊळ १७८३ सालचं. उत्सवात बेटभर शाकाहार पाळतात, बावांचे उंच मनोरे रचतात आणि मध्यरात्री तरुण मंडळी त्यांवर चढून बाव लुटतात. आपल्या दहीहंडीचीच जात म्हणायची! १९७८ साली एक मनोरा कोसळला, माणसं जखमी झाली, आणि ही चढाई बंद पडली ती थेट २००५ पर्यंत. आता स्पर्धेचा मनोरा पोलादी सांगाड्याचा असतो आणि त्यावरचे बाव प्लॅस्टिकचे. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते योग्यच. पण प्लॅस्टिकचा बाव ही कल्पना काही माझ्या घशाखाली उतरत नाही.

खरे बाव मात्र बेटावरच्या दुकानांत बारमास मिळतात. त्यांवर लाल शिक्का असतो, ‘पिंग ऑन’; म्हणजे क्षेमकुशल. पोटात कमळाच्या बियांचं, तिळाचं, नाहीतर चवळीच्या जातीच्या लाल दाण्याचं गोड पुरण. हे शेवटचं खाल्लं आणि मला होळीची आठवण झाली. शहरातल्या चहागृहांत याहून लाडका आहे तो ‘नाय वॉंग बाव’. नावाचा अर्थ ‘दूध-पिवळा’. आत अंड्यादुधाचं घट्ट कस्टर्ड. सकाळी सहकुटुंब चहागृहात जावं आणि बांबूच्या करंड्यांतून वाफाळत आलेले असले पदार्थ चहाबरोबर खावेत, ही कँटनी लोकांची रीत. त्यामुळं घरी बाव करण्याच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. हाँगकाँगची स्वयंपाकघरं पाहिली, की त्यात नवलही वाटत नाही. दोन बायका उभ्या राहिल्या की तिसरीनं दारातूनच बोलायचं.

बहिणीच्या शेजारच्या आजी मात्र घरी करतात. सगळी गल्ली त्यांना ‘पो-पो’ म्हणते, म्हणजे आजीच. २०२१ साली इंग्लंडनं हाँगकाँगकरांना तिथं राहायला येण्याची नवी वाट खुली केली, तेव्हा गेलेल्या हजारो कुटुंबांत पो-पोंची मुलगी, जावई आणि नात होती. पो-पो गेल्या नाहीत. मुलीचं गाव लहान. तिथं चहागृह कुठलं? ती आईला कृती विचारी, आणि आई दर वेळी एकच उत्तर देई, ‘खायचे असतील तर इथं ये.’ तीन वर्षं हे चाललं होतं.

मी तिथं असताना मुलीनं स्वतः केलेल्या बावांचं छायाचित्र पाठवलं. चपटे, सुरकुतलेले आणि एक तर तळाशी फाटून पिवळा ओघळ आलेला. पो-पो ते घेऊन तरातरा आमच्याकडे आल्या. ‘माझ्या घरचे बाव असे?’ बहीण मला हळूच म्हणाली, ‘ताई, आज सांगतील. वही घे.’

पण सांगणार काय? माप म्हणजे भाताचा वाडगा आणि हाताची मूठ! तेव्हा आम्ही युक्ती केली. मूठ परातीत पडण्याआधी बहीण खाली वजनकाट्यावरचं भांडं धरी आणि मी आकडा टिपी. पो-पोंना ते मुळीच रुचलं नाही, पण मूठ काही त्यांनी मागं घेतली नाही.

मैदा २७० ग्रॅम. त्यात कॉर्नफ्लोअर ३०, कारण तिकडं बावांसाठी मिळणारं पीठ फार मऊ, कमी चिकट असतं. आपल्या किंवा इंग्लंडच्या मैद्याची ताकद अशी मोडावी लागते. साखर ५० ग्रॅम, यीस्ट एक चमचा, बेकिंग पावडर एक चमचा, तेल मोठा चमचाभर. जुन्या रीतीत डुकराची चरबी घालतात. आमच्याकडे पाहून पो-पोंनी तेल घेतलं. कोमट दुधात मळून पीठ तासभर झाकून ठेवायचं.

सारणाला दोन अंडी, साखर ७५ ग्रॅम, दूध अर्धा कप, लोणी ४०, कस्टर्ड पावडर २५, मैदा २५ आणि दुधाची भुकटी तीन मोठे चमचे. मंद आचेवर घोटून गोळा करायचा आणि पार गार करायचा. मुलीचे बाव फाटत ते इथंच. ती कोमट सारण भरत होती. अंडं न खाणाऱ्यांनी ते गाळून दूध थोडं वाढवलं तरी चालतं. कस्टर्ड पावडर मुळी त्यासाठीच जन्मली! बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याच्या बायकोला अंडं सोसत नसे, म्हणून त्यानं १८३७ साली ती काढली. आणि यीस्टही सोसत नसे, म्हणून पुढं बेकिंग पावडर.

बारा गोळ्या, बारा पाऱ्या. पारी कडेला पातळ, मध्ये जाड. मोदकाचा हात असला की हे शिकवावं लागत नाही. तोंड मिटवून ती बाजू खाली, बुडाशी कागदाचा चौकोन. अर्धा तास फुगू द्यावेत आणि मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं वाफवावेत. झाकणाला फडकं बांधायचं, आपण बांधतो तसंच. विस्तव बंद केल्यावर पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही, नाहीतर सुरकुत्या पडतात.

वही पुरी झाली, फक्त पिठातल्या दुधाचा आकडा राहिला. मी १५० मिलिलिटर लिहिलं होतं, ते पो-पोंनी बहिणीकडून समजून घेतलं आणि मान हलवली. दर घरचं पीठ निराळं पितं, म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच मुलीला फोन लावून तिला समोर मळायला बसवलं.

‘आता कानाची पाळी दाबून बघ. तेवढं मऊ झालं का?’

तिकडं पिठाचा हात कानाकडे गेला. नात शेजारी उभी होती, तिनंही आपला कान धरला.

‘नाही झालं.’

‘मग आणखी चमचाभर दूध घाल,’ पो-पो म्हणाल्या, ‘मी बसलेय.’