कारंज्याच्या माळावरील आवाज

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे दर्शनासाठी येणारी कुटुंबे बहुधा मंदिरे पाहून परततात. जवळच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सुमारे १८ चौरस किलोमीटरचा हा गवताळ, झुडपी माळ. ‘येथे जंगल कुठे आहे?’ असा प्रश्न सोबतचे लोक हमखास विचारतात. सायंकाळी मात्र माळ बोलू लागतो आणि प्रश्न विचारणारेच दचकतात. सूर्यास्तानंतर अभयारण्यात थांबू नये. यातील बरेचसे आवाज कडेच्या रस्त्यावरूनही ऐकू येतात.

बँकेत सही पडताळताना एकेका अक्षरापेक्षा हाताचे वळण पाहिले जाते. आवाजाचेही तसेच आहे. तो जमिनीवरून येतो की झाडावरून, लय वाढते की मंदावते, हे आधी टिपावे. फरशीवर टाकलेली गोटी टप्पे घेत थांबावी, तसा आवाज आला तर तो रातवा. हा पक्षी दिवसभर पाचोळ्यात मिसळून बसतो आणि रात्री वाहनाच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. चांदण्या रात्री तीक्ष्ण, लांबणारी शीळ घालतो तो करवानक. पावसाच्या तोंडावर चढत्या स्वरात ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा आपल्या वऱ्हाडात कोणाला सांगावा लागत नाही. तो रात्रीही ओरडतो, एवढेच नवख्याला माहीत नसते.

कॉर्नेल विद्यापीठाचे ‘मर्लिन’ हे ॲप आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचवते. त्याचा उपयोग जरूर करावा. परंतु कोल्हेकुई किंवा काळविटाचा फूत्कार त्याला कळत नाही. तेथे गुराख्यालाच विचारावे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे मात्र टाळावे.

सर्वाधिक गैरसमज टिटवीच्या वाट्याला आले आहेत. तिने उंचवट्यावर अंडी घातली की यंदा पाऊस चांगला, असे शेतकरी आनंदाने सांगतो. तीच टिटवी रात्री घरावरून ओरडत गेली की त्याच घरात आजारी माणसाची काळजी सुरू होते. वास्तविक टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आडोशाला ती अंडी घालते, बहुधा चारच. त्यांचा रंग मातीसारखा, त्यामुळे ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. विदर्भाच्या उन्हात ती अंडी भाजून निघू नयेत म्हणून हे पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांवर बसतात. कोल्हा, कुत्रा किंवा माणूस जवळ आला की रात्री-अपरात्री ती ‘टिटी टिवटिव’ करत डोक्यावर घिरट्या घालते. असा आवाज अगदी जवळ आला तर टॉर्च आकाशाकडे न धरता पायाखाली धरावा आणि आलो त्याच वाटेने मागे फिरावे. पंधरावीस पावलांवर तिचे ओरडणे मंदावते. आणखी दूर गेलो की ती पुन्हा जमिनीवर उतरते.